सगळ्यांनाच कामगार करू नका

चारी बाजूंनी समुद्र, किनाऱ्यावर मासेमारीच्या झोपड्या, आणि तरीही बाजारात मासळी नाही. ‘ॲनो 1800’ नव्यानं खेळणाऱ्यांच्या बेटावर हे हमखास घडतं.

जर्मनीतल्या माइन्झच्या ब्लू बाइट स्टुडिओनं 2019 साली आणलेला हा शहर वसवण्याचा संगणकावरचा खेळ. मालिका त्याहून जुनी, 1998 पासूनची. काळ एकोणिसाव्या शतकाचा, आणि समोर एक रिकामं बेट.

मग मासळी गेली कुठे? ती पकडायला माणसंच उरली नाहीत. शेतकरी, कामगार, कारागीर, इंजिनिअर, गुंतवणूकदार असे खेळाच्या सुरुवातीच्या प्रदेशात पाच वर्ग. एकाचं काम दुसरा करत नाही. शेतकऱ्याच्या भरलेल्या घरात 10 माणसं मावतात. तेच घर कामगाराचं केलं की 20. लोकसंख्या दुप्पट होणार म्हटल्यावर हात शिवशिवतात आणि अख्ख्या वस्तीला एका दमात बढती मिळते. पण मासेमारीच्या एका झोपडीला 25 शेतकरी लागतात. दारूच्या भट्टीला 50, म्हणजे पाच भरलेली घरं. बढती मिळालेल्यांची भूक तर वाढलेलीच असते. मासे, कपडे, दारू हे सगळं कामगारांनाही हवंच, वर सॉसेज, पाव आणि साबण. खाणारे वाढले, राबणारे गेले. म्हणून दर बढतीआधी शेतकऱ्यांपैकी किती जण मोकळे आहेत ते बघा, आणि एक वाडी कायमची शेतकऱ्यांचीच ठेवा. दिसायला साधी असली तरी चालेल.

आता पडद्यावर पावाची साखळी बघा. शेत आणि बेकरी, दोघांनाही एका खेपेला एक मिनिट लागतं. पिठाची गिरणी मात्र अर्ध्या मिनिटात मोकळी होते. म्हणून दोन शेतं, एक गिरणी, दोन बेकऱ्या. दुसरी गिरणी बांधलीत तर ती नुसती बसून पगार खाईल. हे सगळं गोदामाला खेटून हवं. एका गोदामातला माल बेटावरच्या सगळ्या गोदामांत मिळतो, त्यामुळे बेकरी गिरणीच्या शेजारीच हवी असं नाही. गाड्यांची रांग लागली, तर मात्र आणखी एक गोदाम उभारा.

बाजाराची पोच रस्त्यानं मोजली जाते. कच्चा रस्ता फरसबंद केला की तोच बाजार लांबच्या घरांना पुरतो. विटा खर्च होतात, पण नवा बाजार बांधण्याआधी हे करून बघाच.

बेट घेण्याआधी तिथे काय पिकतं ते तपासा. बटाटा पिकत नसेल तर भट्टीचा विचार सोडा; दारू दुसऱ्या बेटावर गाळून जहाजानं आणा. डुकरांचे गोठेही तिकडेच बरे, कारण ते शहराचं आकर्षण घटवतात आणि पर्यटक त्यावरच येतात. कापूस आणि कॉफी तर जुन्या जगात, म्हणजे खेळ सुरू होतो त्या युरोपसारख्या प्रदेशात, पिकतच नाहीत, त्यासाठी नवं जग, म्हणजे दक्षिण अमेरिकेसारखा दुसरा प्रदेश, गाठावं लागतं.

आणि एक. किनाऱ्यापासून कारखान्यांच्या भागापर्यंत एक पट्टा मोकळा सोडा. पुढे तेलाचं बंदर येतं, तिथून वीजकेंद्रापर्यंत रेल्वेनं तेल न्यावं लागतं. वीज पोचली की कारखान्याचं उत्पादन दुप्पट होतं. रूळ टाकायला जागा ठेवली नसेल, तर त्या दिवशी घरं पाडावी लागतात.