कर्वीचे पेशवे

देवळासमोरचं हे चौकोनी तळं, आणि मागे एकाला लागून एक उभी राहिलेली शिखरं. कॅमेरा भिंतीजवळ नेऊ. एकही दगड मोकळा सोडलेला नाही. देवदेवता, मिथुनं, पानाफुलांच्या पट्ट्या. आसपासचे लोक याला मिनी खजुराहो म्हणतात. चित्रकूटजवळच्या कर्वी गावातली ही गणेशबाग.

ही बांधली विनायकराव पेशव्यांनी. शाळेत पाठ केलेल्या पेशव्यांच्या यादीत हे नाव नव्हतं. पण १८०२ साली हडपसरची लढाई जिंकल्यावर यशवंतराव होळकरांनी पुण्याच्या मसनदीवर बसवलं ते यांनाच. सगळा कारभार काही महिन्यांचा.

वडील अमृतराव. भुस्कुट्यांच्या घरातला हा मुलगा राघोबादादांनी १७६८ साली दत्तक घेतला. सात वर्षांनी दादांना पोटचा मुलगा झाला, बाजीराव, आणि अमृतरावांचं थोरलेपण नावापुरतं उरलं. होळकरांच्या आधाराने पुण्यात संधी आली, तीही इंग्रजी फौज येताच गेली. ऑगस्ट १८०३ मध्ये अमृतरावांनी कंपनीशी करार केला. हक्क सोडायचा, आणि सालीना सात लाख रुपये घ्यायचे.

हा आकडा नीट ऐका. प्रत्यक्ष गादीवर बसलेल्या बाजीरावांना १८१८ साली राज्य गेल्यावर ब्रह्मावर्ती, म्हणजे बिठूरला, सालीना मिळाले आठ लाख. गादी न मिळालेल्या भावाला सात. महिन्याकाठी अठ्ठावन्न हजारांच्या वर रोकड, दोन पिढ्या, पन्नास वर्षं. स्वारी नाही, पागा पोसायची नाही. अमृतरावांनी काशीत गंगेवर घाट बांधला, तो आजचा गणेश घाट. विनायकरावांनी इथे बागेवर खर्च केला. पैसा होता, मान होता, हुकूम मात्र वाड्याच्या फाटकापर्यंतच चालायचा.

आता बारवेत उतरू. पायऱ्या उंच आहेत, आधाराला भिंतीवर हात ठेवावा लागतो. दगड गार लागतो. कमानीखाली कमान, मजल्याखाली मजला. खालचे मजले पाण्यात आहेत. उन्हाळ्याच्या दुपारी घरच्या मंडळींनी इथे येऊन बसावं, एवढ्यासाठी हे खोदकाम. पुण्याच्या वाड्यांतली कारंजी आपण कौतुकाने सांगतो. हेही त्याच घराण्याचं काम आहे, आणि ते उभं आहे.

१८५३ साली विनायकराव गेले, कंपनीने तनखा बंद केला. सत्तावनच्या उठावाच्या धामधुमीत, जून १८५८ मध्ये, इंग्रजांचा जनरल व्हिटलॉक कर्वीत आला. एक गोळी न झाडता वाडा, जडजवाहीर आणि चाळीसच्या वर तोफा त्याला मिळाल्या. या लुटीच्या वाटणीवरून गोऱ्या सेनापतींचा दावा लंडनच्या कोर्टात १८६६ पर्यंत चालला. विनायकरावांच्या दत्तक मुलांपैकी नारायणराव हजारीबागच्या कैदेत १८६० साली वारले. माधवराव अजाण म्हणून माफी मिळाली, त्यांना बरेलीला शिकायला पाठवलं.

ही कमान पुन्हा एकदा पाहा. ऊन कलताना नक्षी अशी वर येते.

महाराष्ट्रातून चित्रकूटच्या कामदगिरी डोंगराच्या परिक्रमेला येणारी मंडळी कर्वी स्टेशनावरच उतरतात. बाहेर रामघाटाच्या रिक्षा भरत असतात. गणेशबागेसाठी वेगळी रिक्षा सांगावी लागते. सांगा.