मधल्या शेडचं भाडं कोण भरणार?

(माटुंग्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. प्रास्ताविकात माझा उल्लेख 'उद्योग आणि विद्यापीठ यांच्यातला दुवा' असा झाला. ऐकायला बरं वाटलं. पहिली वीस वर्षं मी कारखान्यांत वाफेच्या मागे होते, पुढची दहा एका तंत्रशिक्षण संस्थेत. दोन्हीकडे एकच वाक्य ऐकलं: 'त्यांना आपलं काम कळत नाही हो.'

विषय स्वच्छ ऊर्जेचा म्हटल्यावर तुम्ही सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांची तयारी ठेवून आला असाल. मी गटारापासून सुरू करते.

डोंबिवली, तारापूर, भिवंडी, कापड रंगवणाऱ्या कुठल्याही डाइंग युनिटच्या मागच्या अंगाला जा. एका पाइपातून वाफाळतं रंगीत पाणी ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे, निघालेलं असतं आणि दहा-पंधरा पावलांवर बॉयलर गार पाणी तापवत बसलेला असतो. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग 60 अंशांच्या आसपास चढतो, पॉलिएस्टरला दाबाखाली 130 अंश लागतात. म्हणजे इंधन जाळून पाणी तापवायचं आणि ती ऊब पाण्याबरोबर सोडून द्यायची. हीट पंप ही वाया जाणारी ऊब उचलून वरच्या तापमानाला नेऊन ठेवतो. परिस्थिती अनुकूल असेल तर विजेचं एक युनिट घालून तीनेक युनिटं उष्णता हाती येते. पॉलिएस्टरचे 130 अंश त्याच्याकडून सहज होणार नाहीत, पण 80 अंशांचं पाणी होतं. तेवढा बॉयलरचा भार हलका झाला आणि वीज छतावरच्या पॅनेलची असली, तर आणखी काय हवं?

हे गणित आमच्या एम.टेक.च्या एका मुलानं सुरेख मांडलं होतं. आम्ही त्याचं छोटं यंत्र घेऊन एका युनिटमध्ये गेलो. आठ दिवस झकास चाललं. नवव्या दिवशी हीट एक्स्चेंजर, म्हणजे सांडपाण्यातली ऊब काढून घेणारा भाग, चोंदला. प्लेटा उघडल्या तर आत ओल्या गोधडीसारखा थर. तूस! टॉवेल धुताना सुटलेली तूस. पोराच्या मॉडेलमध्ये पाणी होतं, त्याचं तापमान होतं, प्रवाह होता. तूस नव्हती. बॉयलरवरचे मामा बाजूला तंबाखू मळत उभे होते. म्हणाले, "मॅडम, हे तर आम्ही रोज चाळणीतनं काढतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

उपाय होता. आपोआप साफ होणारी फिरती चाळणी बसवायची आणि चार महिने खऱ्या सांडपाण्यावर चालवून बघायची. संस्थेचं अनुदान 'संशोधना'साठी होतं, फॅब्रिकेशनचं बिल त्यात बसेना. मालक भला माणूस, पण त्याचंही खरंच: "चाललं की घेतो ना. माझ्या दिवाळीच्या ऑर्डरीवर प्रयोग नको." यंत्र ताडपत्रीखाली गेलं. मुलगा पास होऊन बेंगळुरूला गेला. मी त्याला दोष देत नाही. पदवीचं घड्याळ दोन वर्षांचं असतं.

आता जुन्या मुंबईकडे बघा. व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेची स्थापना 1887 ची. गिरण्यांना यंत्र समजणारी माणसं हवी होती आणि संस्था तेव्हा गिरण्यांच्या अंगणात, भायखळ्यात होती. माटुंग्याला ती 1923 मध्ये आली. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, आपलं यूडीसीटी, आताची आयसीटी म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था. त्याचा एक पायाच कापड रसायनशास्त्राचा. तिथले पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन हे रंगांचे रसायनतज्ज्ञ. पुढे तिथलेच रासायनिक अभियंते मनमोहन शर्मा यांच्या पिढीनं कारखान्यांना सल्ला देणं हा प्राध्यापकीचाच भाग मानला. रंग उतरला की गिरणीचा माणूस थेट प्रयोगशाळेत यायचा, ट्राममध्ये बसून. हे ट्रामचं मी माझ्या मनानं घातलंय, पण अंतर तेवढंच होतं.

आता अंतर वाढलंय. गिरण्या गेल्या, कारखाने खाडीपलीकडे गेले, संस्था इथेच राहिल्या. त्यामुळे 'प्रादेशिक भागीदारी' म्हटलं की आपण नकाशावर एक वर्तुळ काढतो. माझ्या मते प्रदेश ठरतो तो कच्च्या मालावरून आणि अडचणीवरून. आयसीटीतल्या ऊर्जा-जैवविज्ञान केंद्रानं शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचं तंत्र बसवलं. त्याचा दिवसाला 10 टन कचरा घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प 2016 मध्ये उभा राहिला, तो उत्तराखंडात, काशीपूरला. माटुंग्याचं डोकं, तराईतला काडीकचरा आणि तिथल्या कंपनीचं आवार. यात मला काहीच वावगं वाटत नाही. मुंबईत काडीकचरा कुठला आणायचा?

मुंबई परिसराकडे ऊब आहे, सांडपाणी आहे, खारी हवा आहे, छपरं आहेत. छपरांचं काम पवईनं चांगलं केलं. तिथल्या आयआयटीतल्या फोटोव्होल्टाइक, म्हणजे सौर वीज, केंद्राची माणसं 2013 पासून दर एक-दोन वर्षांनी देशभर हिंडली आणि बसवून झालेली पॅनेलं जागेवर जाऊन तपासत गेली. उष्ण भागात पॅनेलांची क्षमता लवकर उतरते, आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या, छतावरच्या मांडण्यांची अवस्था वाईट, हे त्यातून कळलं. हे छतावर चढल्याशिवाय कळत नाही. माझ्या भाषेत, त्यांनी मामांना विचारलं.

पुण्याचा दाखला धावता देते: एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही वाहनांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी यांनी मिळून हायड्रोजनवर चालणारी बस 2022 मध्ये दाखवली. प्रयोगशाळा आणि कंपनी एकाच शहरात असण्याचा फायदा.

पैशाचं म्हणाल तर दारं किलकिली झाली आहेत. 2019 च्या बदलानंतर कंपन्यांना सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी खर्चायचा, पैसा सार्वजनिक विद्यापीठांतल्या संशोधनाला देता येतो. 2023 च्या कायद्यानं आलेल्या, देशभरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या अनुसंधान प्रतिष्ठानाचा पाच वर्षांचा अंदाज 50,000 कोटींचा, आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. पण हा पैसा दोन टोकांना जाईल अशी मला भीती वाटते: इकडे शोधनिबंध, तिकडे फीत कापायचा प्रकल्प. मध्ये तुसाचे चार महिने असतात, त्यांना वाली नाही.

म्हणून माझी मागणी सामंजस्य कराराची नाही. असे करार मी कपाटभर पाहिलेत. एकात स्वामित्वहक्काच्या एका परिच्छेदावर चौदा महिने गेले. मला एमआयडीसीत, प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या मधली, एक शेड हवी आहे. तिथे वाफेची लाइन, थ्री-फेज वीज आणि शेजारच्या युनिटांचं खरं, घाण सांडपाणी यावं. कारखानदारांची संघटना, दोन-तीन महाविद्यालयं आणि एमआयडीसी यांनी भाडं वाटून घ्यावं. करार एका पानाचा: जे तुमचं घेऊन आलात ते तुमचं, इथे जे सुचलं ते दोघांचं. यंत्र बंद पडलं तर त्याची नोंद सगळ्यांना खुली.

आणि एक कायमचा माणूस, ज्याला चाळणी साफ करता येते आणि मॉडेल करणाऱ्या पोरांना ओरडताही येतं. अशा माणसाच्या पगारासाठी अनुदानाच्या कुठल्याही अर्जात मला आजवर रकाना सापडलेला नाही. तेवढा एक रकाना छापून घ्या. अर्ज मी भरते.

चला, प्रश्न घेऊ या.