घर गळते म्हणून भाडे थांबवावे का?

नमस्कार. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे: घरमालक गळती दुरुस्त करत नसेल, तर भाडे देणे बंद करावे का? एका प्रेक्षकाने तर विचारण्याची तसदीही घेतलेली नाही. चार महिने भाडे दिले नसल्याचे त्यांनी अभिमानाने कळवले आहे. त्यांनी हा व्हिडिओ मध्येच सोडू नये.

मूळ नियम बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, भाडेकरूने उलट करार केला नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट अशा अत्यावश्यक सेवा घरमालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत, हे कलम २९ सांगते.

खरी अडचण नोटिशीपाशी येते. घरमालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, त्यानंतरही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरूने ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, असा क्रम कलम १४ नेच घालून दिला आहे. वळती करण्याची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. म्हणजे महिना १२,००० रुपये भाडे असेल, तर वर्षाला ३६,००० रुपयांपर्यंतच. ‘फोनवर दहा वेळा सांगितले’ ही नोटीस नव्हे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मी भाड्याने राहत असताना न्हाणीघराच्या छताचा गिलावा सुटून बादलीत पडू लागला. मी दोन महिने केवळ फोन केले, शेवटी वैतागून प्लंबर बोलावला आणि त्याने कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून दिलेला आकडा भाड्यातून कापला. घरमालकांनी शांतपणे दोनच गोष्टी विचारल्या: मला कधी कळवले आणि बिल कुठे आहे? माझ्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते. वास्तविक भाडेकरूने पावत्यांसह ठेवलेला हिशेब खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जाईल, इतकी भक्कम सोय याच कलमात आहे. परंतु त्यासाठी पावत्या असाव्या लागतात.

आता हीच नोटीस घरमालकाच्या बाजूने पाहा. एका घरमालकांची तक्रार आहे की भाडेकरूने न विचारता महागड्या फरशा बसवल्या आणि खर्च त्यांच्या माथी मारला. नोटीस आली असती, तर त्यांनी स्वतःचा गवंडी पाठवला असता. त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

आणि न्यायालयात काय होते? भाडेकरू भाडे देत आहे किंवा देण्यास तयार आहे, तोवर कलम १५ त्याला ताबा जाण्यापासून संरक्षण देते. भाडे पूर्ण थांबवणारा हे संरक्षण स्वतःच धोक्यात घालतो. घरमालक थकबाकीची लेखी मागणी करतो, ९० दिवस उलटल्यावर दावा दाखल करतो आणि गळतीचा वाद थकबाकीचा होऊन बसतो. तेव्हा आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस, पोचपावती जपून ठेवणे, ओल्या भिंतीची तारखेसह छायाचित्रे, मग दुरुस्ती आणि त्यानंतरच वजावट.

एक गोष्ट मात्र अनेक व्हिडिओंमध्ये गाळली जाते आणि त्याचा मला राग येतो. कलम १४ ‘भाडेकरू’ला हक्क देते, तर आज बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे केवळ राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, दिली जातात आणि तिथे राहणारा कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक असतो. त्याने या कलमाच्या भरवशावर वजावट करू नये. करारातील दुरुस्तीचे कलम काय म्हणते, ते सह्या करण्यापूर्वीच वाचावे. मात्र घरमालकाला ठाऊक असलेला आणि परवानाधारकाला ठाऊक नसलेला धोकादायक दोष लपवता येत नाही, हे बंधन इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट, १८८२ च्या कलम ५७ मध्ये आहे. म्हणून घर पाहताना एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर त्यामागे काय आहे, हे लेखी विचारावे. संदेशावर विचारले तरी चालेल, पण तो संदेश पुसून टाकू नये.