‘मंक सीलही खोल समुद्रात लपला असेल ना?’ नाही, आणि का ते ऐका

नमस्कार मंडळी! शार्कचा व्हिडिओ टाकला की खाली हा प्रश्न हमखास येतो: ‘खोल समुद्रातला गॉब्लिन शार्क वर्षानुवर्षं दिसत नाही तरी जिवंत, मग कॅरिबियन मंक सील नामशेष कसा? तोही लपला असेल!’

ओळख पटकन उरकतो. शार्कच्या अंगात हाडं नाहीत, कूर्चा असते. आमच्याकडे मोरी, म्हणजे बाजारात मिळणारा छोटा शार्क, आणली की आई मधला काटा साध्या सुरीनं कापते. कच्च असा आवाज येतो, सुरी अडत नाही. ती कूर्चा. सील सस्तन, हाडं आणि फुप्फुसं आपल्यासारखी.

आता फुप्फुसं लक्षात ठेवा. सीलला श्वास घ्यायला पाण्याबाहेर नाक काढावंच लागतं. गॉब्लिनला कल्ले आहेत, जन्मभर वर आला नाही तरी त्याचं अडत नाही.

बरं, श्वास सोडा, पिल्लांचं बघा. गॉब्लिनला किनारा लागतच नाही. मंक सील पिल्लं घालायचे वाळूवर, झोपायचेही वाळूवर. म्हणून तर सापडले! १४९४ मध्ये कोलंबसच्या माणसांनी हिस्पॅनिओलाजवळच्या (आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक असलेलं बेट) आल्टा वेला बेटावर आठ मारले. पुढे चरबीच्या तेलासाठी कत्तलच झाली. ते तेल उसाच्या चरकांना वंगण म्हणून जायचं.

अजून पटत नसेल तर एकच जागा घ्या, फ्लोरिडातलं की वेस्ट. तिथे १९२२ मध्ये एक मंक सील मारला गेला. त्याच भागात २०१४ मध्ये कोळंबीच्या जाळ्यात चक्क गॉब्लिन शार्क आला! कोळ्यानं फोटो काढले आणि त्याला सोडून दिलं. म्हणजे खोलातला मासासुद्धा कधीतरी जाळ्यात येतो. रोज श्वासाला वर येणारा, वाळूवर झोपणारा प्राणी मात्र १९५२ नंतर खात्रीनं कुणाला दिसलेला नाही. शेवटचा दिसला ‘सेरानिया बँक’ नावाच्या उथळ प्रवाळी भागात, जमैका आणि निकाराग्वाच्या मधे. विमानातून बेटं धुंडाळली, तरी नाही. २००८ मध्ये अमेरिकेनं तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

‘लपला असेल’ हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. लपला नाही हो, मारला आपण.

आणि तो एकटा नाही गेला. त्याच्या नाकात राहणारा एक बारीकसा कोळीवर्गी जीव होता, दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात न सापडलेला. तोही गेला.