मुंग्यांचं पेव: दाणे साठवणाऱ्या मुंगीला घर कसं निवडावं

(दृश्य: काचेमागची खोली, अगदी जवळून. मोठ्या डोक्याची मुंगी बी फोडते आहे.)

तांबूस डोक्याची ही कामकरी मुंगी जेमतेम सव्वा सेंटिमीटरची. बी जबड्यात धरायचं, फिरवायचं, पुन्हा दाबायचं. टरफल निघालं की आतला गर लहान मुंग्या चावून लाळेत कालवतात. त्या लगद्यावर अळ्या पोसल्या जातात.

हिचं नाव मेसॉर बार्बारस. मुक्काम स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स आणि मोरोक्को. मुंग्या पाळणारे युरोपीय लोक बहुधा हिच्यापासूनच सुरुवात करतात. दाणे खाणारी, चिवट आणि रोज बघत बसावं अशी. मरते ती बहुतेकदा घराची निवड चुकल्यामुळे.

(दृश्य: टेस्ट ट्यूब. ओला कापूस, शेजारी राणी, अंड्यांचा पुंजका.)

पहिलं घर म्हणजे ही साधी काचेची टेस्ट ट्यूब. लांबी १५० मिलिमीटर, व्यास १६. तळाशी एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाशी पुन्हा कापूस. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत राणी काहीही खात नाही. त्या आल्या की चिमूटभर खसखस द्यावी, तीही कोरड्या टोकाला. ओल्या कापसाला टेकलेल्या दाण्याला मोड येतो. ट्यूबला ऊब द्यायची तर पाण्याखाली हीटर नको. पाण्यामागची हवा प्रसरण पावते, पाणी कापसातून पुढे ढकललं जातं आणि अंडी बुडतात.

तीस-चाळीस मुंग्या होईपर्यंत ही ट्यूब पुरते. घाई होते ती इथेच. दुकानात वीस खोल्यांचा ॲक्रिलिकचा महाल दिसतो आणि आज ना उद्या लागेलच म्हणून तो घेतला जातो. मुंग्या त्यातल्या दोन खोल्या वापरतात, उरलेल्यांत टरफलं, मेलेल्या अळ्या आणि अर्धवट खाल्लेले किडे टाकतात. नैसर्गिक वारुळात हा कचरा दाराबाहेर जातो. इथे रिकामी खोलीच उकिरडा होते, तिला बुरशी लागते आणि आत हात घालून ती साफ करता येत नाही. घर लहानच हवं. पहिल्या वर्षाला तीन-चार खोल्या खूप झाल्या.

(दृश्य: निळ्या जेलची पेटी. दोन सेकंद.)

ही पेटी दिसायला छान आहे. घेऊ नका. जेल कायम ओलं, दाण्याला कोरडी जागाच नाही.

(दृश्य: करवत, पांढरा ब्लॉक, उडणारी पूड.)

आता घर कशाचं? प्लॅस्टर स्वस्त आहे, पण ओलं झालं की ही मुंगी ते पोखरते. ॲक्रिलिक पोखरलं जात नाही, पण पाणीही शोषत नाही. वाफ काचेवर धरते आणि थेंब अळ्यांवर पडतात. या दोहोंपेक्षा उजवा ठरतो तो बांधकामावरचा हलका एएसी ब्लॉक, म्हणजे बारीक छिद्रांचा सिमेंटचा ठोकळा. साध्या करवतीने कापता येतो. एक बाजू सपाट फरशीवर सँडपेपर अंथरून घासून घ्यायची. ही पायरी टाळू नका. काच आणि ब्लॉक यांच्यात मिलिमीटरभर फट राहिली तरी तीन-चार मिलिमीटरच्या लहान मुंग्या तिथून निघून जातात.

खोल्या पटाशीने कोरायच्या. खोली १० ते १२ मिलिमीटर खोल असावी, वाट १० मिलिमीटर रुंद. त्याहून अरुंद वाटेत मोठ्या डोक्याची मुंगी तोंडात बी धरून अडकते. पाण्याची खाच फक्त एका टोकाला, आणि ती व शेवटची खोली यांच्यात दीड सेंटिमीटरची भिंत. भिंत पातळ ठेवली तर ओला ब्लॉक कुरतडत मुंग्या थेट पाण्यात उतरतात. मग ब्लॉक धुऊन पूड काढायची, पूर्ण वाळवायचा. काच सिलिकॉनने चिकटवली असेल तर त्याचा आंबूस वास जाईपर्यंत मुंग्या आत घालायच्या नाहीत.

(दृश्य: सिरिंजने खाचेत पाणी. ब्लॉकचा रंग एका कडेने गडद होतो.)

एका वेळी पाच मिलिलिटर. गडद पट्टा ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्शात थांबला पाहिजे. अळ्या तिकडे सरकतात. दार कोरड्या टोकाला, आणि त्याच्या लगतची खोली म्हणजे यांचं पेव. दाणे तिथेच रचले जातात. पुण्यात कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी दाणे साठवणारी वेगळी एक मुंगी पाहिली, १८३५ मध्ये तिचं वर्णन छापलं. पावसात भिजलेले दाणे ती बाहेर काढून वाळवते, हे त्यांनी नोंदवलंय. आपल्या पेटीत ऊन नाही, तेव्हा पेव मुळात कोरडंच लागतं. हीटरची वायरही या टोकाच्या बाजूने. घरात २४ ते २८ अंश पुरे.

(दृश्य: काचेचं अंगण, कडेला पांढरा पट्टा.)

घराला जोडलेलं हे अंगण. कडेला टाल्क पावडर अल्कोहोलमध्ये कालवून लावली आहे. वाळली की पाय टिकत नाही. दाणे इथेच टाकायचे. खसखस, राळं, चिया चालतं. बियाण्याच्या दुकानातलं रंग लावलेलं बी नको, त्यावर कीटकनाशक असतं.

ही मुंगी भारतात मागवायची नाही. जिवंत कीटक आणायला परवाना लागतो. केनियात २०२५ मध्ये मेसॉर सेफॅलोटिस या हिच्याच नात्यातल्या मुंगीच्या सुमारे ५,००० राण्या टेस्ट ट्यूबमध्ये भरून नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांना न्यायालयाने दंड केला.

(दृश्य: ट्यूबमधून नव्या घराकडे जाणारी रांग, तोंडात अळ्या.)

घर बदलताना मुंग्या झटकून टाकू नका. ट्यूब अंगणात ठेवा, तिच्यावर उजेड येऊ द्या. नव्या घरावर लाल फिल्म टाका. लाल उजेड त्यांना जवळजवळ अंधारच. कधी एका रात्रीत जातात, कधी दोन आठवडे लावतात. पुढचं घर केव्हा जोडायचं, हे त्याच सांगतात. पेव वाटेपर्यंत भरतं, अळ्या जोडनळीत येऊन बसतात. तेव्हा १० मिलिमीटरची दुसरी नळी लावायची, आणि पलीकडे पुन्हा तीन-चारच खोल्या.