चोच किती उघडते?

(दृश्य: टूकन, जुसाराच्या घडावर)

हा टूकन, मोठ्या चोचीचा पक्षी. आता चोचीकडे बघत राहा. टोकाशी फळ, मान मागे, एक झटका आणि फळ घशात.

हे ब्राझीलचं अटलांटिक जंगल. झाड जुसारा, ताडाच्या कुळातलं. काळंजांभळं गोल फळ, गराचा पातळ थर आणि आत एकच बी. टूकनला हवा असतो गर. बी तो थोड्या वेळानं, बहुतेकदा दूर कुठंतरी बसून, ओकून टाकतो. ती शाबूत असते, रुजते. जुसाराची पेरणी अशी होते.

(दृश्य: कॅलिपरमध्ये बिया)

काही बिया 8 मिलिमीटरच्या, काही 14पर्यंत. टूकनला सगळ्याच चालतात. कस्तुर कुळातल्या लहान पक्ष्यांची चोच मात्र 12 मिलिमीटरच्या आसपास अडते. मोठं फळ त्यांना गिळताच येत नाही. गर टोचून खातात, बी झाडाखालीच राहते.

(दृश्य: ड्रोनमधून शेतं, मधे जंगलाचे तुकडे)

19व्या शतकापासून इथलं जंगल कॉफी आणि उसाखाली गेलं. मोठ्या पक्ष्याला वावरायला मोठं रान लागतं, आणि शिकाऱ्याची नजरही आधी त्याच्यावरच जाते. म्हणून आधी तोच संपला. ज्या मोठ्या अंगामुळे तो संपला, त्याच अंगाची मोठी चोच मोठ्या बिया पेरत होती. प्रजाती किती उरल्या एवढंच मोजलं असतं, तर हा धागा हाती लागलाच नसता. चोच मोजली, म्हणून लागला.

(दृश्य: दोन जंगलांतल्या बिया शेजारी शेजारी)

जीवशास्त्रज्ञ माउरो गालेत्ती आणि सहकाऱ्यांनी 22 ठिकाणच्या 9 हजारांहून जास्त बिया मोजल्या. 2013मध्ये निष्कर्ष आला: मोठे पक्षी नाहीत, तिथं बिया लहान. हवामान, माती, झाडीचं प्रमाण, सगळं तपासलं. कशानंच फरकाचा उलगडा होईना. मोठी बी पेरलीच जात नाही, त्यामुळे पुढची पिढी लहान बियांच्या झाडांची. हा बदल व्हायला 100 वर्षंही पुरतात. झाडाच्या आयुष्याच्या मानानं ही घाईच.

लहान बी लवकर सुकते. पाऊस ओढ देऊ लागला, तर रोपं आणखी कमी.

(दृश्य: उंच झाडांचे बुंधे)

जुसारासारखीच गोष्ट इतर मोठ्या बियांच्या झाडांची. त्यांतली बरीचशी जड लाकडाची, कार्बन जास्त धरून ठेवणारी. पेरणारा गेला की त्यांची जागा हलक्या लाकडाची झाडं घेतात, आणि झाडांची संख्या तेवढीच राहिली तरी जंगलातला कार्बनचा साठा घटतो.