आकृती पाठवा, कोड नको

(परभणीत शिक्षक आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय: ‘दस्तऐवजातल्या मजकुरी आकृत्यांची स्थिर चित्रं कशी करावीत’. हे वाचूनही एवढी माणसं आली, म्हणजे एकतर तुम्हाला खरंच गरज आहे, नाहीतर बाहेर ऊन फार आहे. (हशा)

मर्मेड, प्लांटयूएमएल, ग्राफविझ या मजकुरातून आकृती काढणाऱ्या साधनांची ओळख करून देत नाही, तुम्ही रोज वापरता. ग्राफविझ बेल लॅब्जमधलं, नव्वदीच्या दशकापासूनचं. मर्मेड २०१४चं, म्हणजे समोर बसलेल्या काही विद्यार्थ्यांपेक्षाही धाकटं. माउसनं चौकोन ओढत बसायचं नाही, चार ओळी टाइप करायच्या, बाण आपोआप लागतात. मी याचा भक्त आहे. माझं भांडण आहे ते आकृती लिहून झाल्यावर लोक जे करतात, किंवा करत नाहीत, त्याच्याशी.

मागे एका बैठकीसाठी जायकवाडीच्या कालव्यांवरचा एक अहवाल आमच्या हाती आला. कोणी केला ते विचारू नका. आकृती तशी सोपी. नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून, दोन कालवे निघतात, डावा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. उजव्याचं पाणी माजलगावच्या धरणात पडतं, डावा आपल्या परभणीकडं येतो. (मागून आवाज: “टेलला, कालव्याच्या शेवटाला, येतं का?”) आकृतीत येतं, दादा. आकृतीत एका बाणात टेलला पाणी पोचतं. (हशा)

तर अहवाल गुळगुळीत कागदावर, स्पायरल बाइंडिंग केलेला. पान उघडलं. खाली मथळा बरोबर: ‘आकृती ३: कालवा व्यवस्था’. आणि वर काय? टाइपरायटरसारख्या अक्षरांत नऊ-दहा ओळी. चौकोनी कंस, अवतरणचिन्हात ‘नाथसागर’, मग दोन रेघा, एक टोक, पुन्हा कंस, ‘माजलगाव’. पाणी कुठंच नाही. शेजारी एक निवृत्त पाटकरी काका बसले होते, सगळी हयात कालव्यावर गेलेली. त्यांनी पान आडवं धरलं, उभं धरलं आणि मला म्हणाले, “सर, हे कामून असं छापलंय? पाणी कोणीकडं चाललंय ते कळंनाच की.” ज्या माणसानं त्या आकृतीतली चूक एका नजरेत पकडली असती, त्याच्याच हातात आपण कंस ठेवले.

पाठवणाऱ्यांना फोन केला. उत्तर आलं, “आमच्याकडं बरोबर दिसतंय, सर.” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. तुमच्याकडं दिसणारच! गिटहब, म्हणजे जिथं लोक कोड आणि दस्तऐवज ठेवतात ते संकेतस्थळ, २०२२पासून मर्मेडचा कोड पडद्यावर स्वतःच आकृती करून दाखवतं. पण फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या पॅनडॉकनं त्याच मार्कडाउनची, म्हणजे साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराची, वर्ड फाइल केली, तर त्याला तो निव्वळ कोडचा तुकडा. पॅनडॉक तो इमानदारीनं तसाच उतरवतो. वाचणाऱ्याच्या घरी मर्मेड नसतं, आणि असावं अशी अपेक्षा तरी का करायची?

मग आठवड्यानं दुरुस्त प्रत आली. त्यात स्क्रीनशॉट! तोही व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला जेपीजी, अक्षरांभोवती धूर पसरल्यासारखा. आणि मूळ कोड? “सर, तो मुलगा सोडून गेला.” म्हणजे कालव्याचं एक नाव बदलायचं तर सगळी आकृती नव्यानं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय. (हशा) पटापट सांगतो.

मर्मेडचं कमांड लाइनवरचं साधन आहे, एमएमडीसी. ते क्रोमियम हा ब्राउझर पडद्याविना चालवून एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेषांचं चित्र), पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) किंवा पीडीएफ काढून देतं. त्याला अख्खी मार्कडाउन फाइल द्या. आतले मर्मेडचे तुकडे शोधून ते चित्रं करतं आणि त्या जागी चित्रं जोडलेली दुसरी फाइल देतं. ती दुसरी फाइल पॅनडॉकला द्यायची. मूळ फाइल, कोडसकट, जपून ठेवायची. मर्मेड, प्लांटयूएमएल, ग्राफविझ अशा तिन्ही प्रकारच्या आकृत्या असतील तर क्रोकी ही तिन्हींची चित्रं करून देणारी सेवा बघा, पण संवेदनशील मजकूर असेल तर ती स्वतःच्या यंत्रावर चालवा, मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरला पाठवू नका.

आता मराठीचं दुखणं. कोऱ्या सर्व्हरवर किंवा डॉकरच्या बंद डब्यात (प्रोग्राम चालवायची वेगळी, कोरी जागा) देवनागरी फाँट बहुधा नसतो, मग ‘माजलगाव’च्या जागी रिकामे डबे उमटतात. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित यांपैकी एक फाँट आधी टाका. दुसरं, मर्मेड फ्लोचार्टमधली अक्षरं एसव्हीजीच्या पोटात एचटीएमएल म्हणून ठेवतं. ब्राउझरला ते वाचता येतं, इंकस्केप किंवा वर्डमध्ये चौकटी ओस पडतात. एचटीएमएल लेबल्सचं सेटिंग बंद करा, नाहीतर वर्डसाठी सरळ पीएनजी काढा. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरले तर सहा इंच रुंदीला १८०० पिक्सेल लागतात, म्हणून स्केल वाढवूनच काढा. जेपीजी नको म्हणजे नको.

शंभर आकृत्या असतील तर दर वेळी सगळ्या काढू नका. कोडचा हॅश, म्हणजे कोडवरून निघणारी आणि कोड बदलला की बदलणारी छोटी खूण, फाइलच्या नावात घाला, म्हणजे कोड बदलला तेवढंच चित्र नव्यानं होतं.

आणि एक राहिलंच. पीएनजी झालं की आतले शब्द शोधता येत नाहीत, अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाहीत. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्या. ‘आकृती ३’ असा नाही, तर ‘नाथसागराचं पाणी उजव्या कालव्यानं माजलगाव धरणात जातं’ असा. अध्यक्ष उभे राहिलेत, प्रश्न खाली उतरून घेतो.